पडद्यावरची खात्री, गावातला संशय

गुन्ह्याचा चित्रपट पाहून प्रेक्षक काय शिकतो, हा वाद जुनाच आहे. पण मुरबाड-शहापूरसारख्या तालुक्यांत तो आता नव्याने घालावा लागतो. पूर्वी चित्रपट पाहायचा तर कल्याण गाठावे लागे, चार जणांनी मिळून जावे लागे आणि परतीच्या एसटीत त्यावर बोलणेही होई. आज टोकावड्यापासून डोळखांबपर्यंत तोच चित्रपट मोबाइलवर, रात्री, एकट्याने पाहिला जातो. मारेकऱ्याच्या मनात शिरणारे थरारपट आणि मालिका या एकांतातल्या प्रेक्षकाला घट्ट धरून ठेवतात. त्यातून तो बिघडतो की शहाणा होतो? या प्रश्नाच्या दोन बाजू मी इथे दोन पात्रांच्या तोंडी घालतो आहे. एक जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, दुसऱ्या मुरबाडच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या ताई. ही दोघे कल्पनेतली आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारे चित्रपट, खटले आणि घटना मात्र खऱ्या आहेत.

गुरुजी: ताई, माझा आक्षेप सरळ आहे. हे चित्रपट गुन्हेगाराला आपल्या मनात नायकाच्या जागी बसवतात. 'दृश्यम' घ्या. निशिकांत कामत यांचा २०१५चा हिंदी चित्रपट, मूळ जीतू जोसेफ यांचा २०१३चा मल्याळम. गोव्यातला चौथी नापास केबलवाला विजय साळगावकर आपल्या मुलीच्या हातून झालेला मृत्यू लपवतो, प्रेत पुरतो, पुरावे मोडतो, साऱ्या घराला खोटे बोलायला शिकवतो. आणि आपण काय करतो? हा पकडला जाऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसतो. मेलेला मुलगा त्या मुलीला छळत होता, हे मान्य. पण त्याच्या आईबापांना शेवटपर्यंत मुलाचे प्रेतही मिळत नाही, याचे आपल्याला काहीच वाटेनासे होते. याच कामतांनी २००५ मध्ये 'डोंबिवली फास्ट' केला. बँकेत नोकरी करणारा माधव आपटे भोवतालच्या भ्रष्टाचाराला विटून कायदा हातात घेतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतो. मोठी माणसे हे विसरून कामाला लागतील. पण चौदा-पंधरा वर्षांचे पोर एकटे बसून हे पाहते तेव्हा त्याच्या हाती दोनच गोष्टी लागतात: गुन्हा लपवायची युक्ती आणि ती वापरायची मुभा.

ताई: गुरुजी, मुलांबद्दलची तुमची काळजी खोटी नाही आणि तिच्याकडे मी परत येईन. पण युक्ती शिकून गुन्हा होतो, हे मला पटत नाही. महाराष्ट्राला हादरवणारे मानवतचे हत्याकांड बघा. परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात १९७२च्या नोव्हेंबरपासून १९७४च्या जानेवारीपर्यंत दहा खून झाले. बळी होत्या लहान मुली आणि बायका. गुप्तधन मिळावे, मूल व्हावे म्हणून हे बळी दिले गेले, असा आरोप होता. त्यावर आधारलेला अमोल पालेकर यांचा 'आक्रीत' आला १९८१ मध्ये, आणि 'मानवत मर्डर्स' ही मालिका तर २०२४ मध्ये. त्या अंधश्रद्धेला कोणत्याही चित्रपटाने जन्म दिला नव्हता. चित्रपट तिच्या मागून आला. माणसे खून करतात ती हाव, भीती, सूड आणि सत्ता यांपायी, आणि त्यासाठी त्यांना पडद्याची गरज कधीच लागली नाही. मला चित्रपटाचा धोका दुसरीकडे दिसतो आणि तो तुमच्या धोक्याहून मोठा वाटतो. हे चित्रपट आपल्याला गुन्हा शिकवत नाहीत. ते आपल्याला खात्री शिकवतात. अमुक माणसाने केले, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते, कारण कॅमेरा आपल्याला बंद खोलीत घेऊन गेलेला असतो. दोन-अडीच तास अशी खात्री अनुभवली की ती आपण बाहेरही बाळगू लागतो, आणि बाहेर कुणाकडेच तो कॅमेरा नसतो.

गुरुजी: पण खात्री वाईट कशी? चित्रपटाने सत्य दाखवले आणि लोकांना ते पटले, तर बिघडले कुठे? मानवतच्या पोरी मेल्या हे काही शंकास्पद नाही. रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखा निष्णात अधिकारी मुंबईहून तिथे गेला, त्याने तपास लावला. यात शंकेला जागा ठेवायची म्हणजे मेलेल्यांवर दुसरा अन्याय.

ताई: मेल्या यात शंका नाही, कुणी मारले आणि कुणी मारवले, हे सिद्ध करावे लागते. त्या खटल्यात कटाचे सूत्रधार म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले, त्या दोन माणसांविरुद्धचा पुरावा वरच्या न्यायालयात टिकला नाही आणि ती सुटली. इतर काहींच्या शिक्षा कायम झाल्या. सर्वोच्च न्यायालयाचा १९७७चा तो निकाल आजही आम्ही वकील वाचतो, कारण माफीच्या साक्षीदारावर किती विसंबायचे याची चर्चा त्यात आहे. स्वतःची मान सोडवायला जो दुसऱ्याचे नाव घेतो, त्याच्या जबानीला स्वतंत्र दुजोरा हवा, हे आपल्या कायद्याचे जुने शहाणपण आहे. आता 'आक्रीत'कडे बघा. पटकथा विजय तेंडुलकरांची, पात्रांची नावे बदललेली, पालेकर स्वतः मुख्य भूमिकेत. चित्रपट म्हणून तो धीट आहे. हावेने आणि भीतीने माणसे कशी पोखरतात, ते तो डोळे न वळवता दाखवतो. पण तो पाहणारा प्रेक्षक खोलीतला कट स्वतः ऐकतो. न्यायालयाला ती खोली कधीच मिळाली नाही. म्हणून प्रेक्षकाच्या मनात खटला संपलेला असतो आणि सुटकेचा निकाल त्याला अन्यायच वाटतो. थरारपटांतला सर्वांत आवडता प्रसंग आठवा: पोलीस कोठडीत आरोपी कोसळतो आणि सगळे कबूल करतो. तिथे आपण सुटकेचा श्वास टाकतो. कायद्यात त्या कबुलीला पुरावा म्हणून किंमत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, असे जुन्या पुरावा कायद्याचे कलम २५ सांगत होते; १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो नियम कलम २३ मध्ये कायम आहे. हा नियम केला इंग्रजांनी, कारण कोठडीत मारून काय काय वदवून घेता येते ते त्यांना पक्के ठाऊक होते. जो प्रसंग पडद्यावर सत्याचा क्षण ठरतो, त्यालाच न्यायालय सर्वांत जास्त संशयाने पाहते.

गुरुजी: तुम्ही कायद्याच्या बाजूने बोलता, मी लोकांच्या बाजूने बोलतो. लोकांचा न्यायालयावरचा विश्वास उडाला आहे, आणि तो चित्रपटांनी उडवलेला नाही. तारखा पडत राहतात, साक्षीदार फुटतात, वर्षे निघून जातात. बदलापूर काही आपल्यापासून दूर नाही. ते शहर मुरबाड विधानसभा मतदारसंघातच येते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, २० ऑगस्टला हजारो लोक रुळांवर उतरले, तासन्‌तास गाड्या थांबल्या. तो संताप खरा होता. तक्रार घ्यायलाच पोलिसांनी वेळ लावला होता, हे विसरू नका. अशा लोकांना पडद्यावर तरी झटपट न्याय दिसला, तर तुम्ही त्याला दोष का देता?

ताई: तो संताप मी कधीच खोटा म्हणणार नाही. गुन्हा नोंदवायला विलंब झाला नसता तर लोक रुळांवर आले नसते. पण पुढचेही आठवा. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्याच गोळीने मेला. मिठाई वाटली गेली. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि त्यात त्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार असल्याचा निष्कर्ष होता. आरोप भयंकर होता आणि कदाचित तो सिद्धही झाला असता. पण त्या आरोपीवर खटला चाललाच नाही. साक्षीदारांची उलटतपासणी झाली नाही, त्याच्याविरुद्धचा पुरावा न्यायालयात तावून सुलाखून निघाला नाही, आणि तो आणखी काय सांगू शकला असता ते आता कुणालाच कळणार नाही. आता मला 'दृश्यम'चा तोच प्रेक्षक आठवतो. त्या चित्रपटात गायतोंडे नावाचा पोलीस साळगावकरांच्या लहान मुलीला मारतो तेव्हा आपले रक्त उसळते. कोठडीतली मारहाण आपल्याला सहन होत नाही. कारण ते कुटुंब आपण आतून पाहिलेले असते. ज्याला आतून पाहिलेले नसते, त्याच्यावर कोठडीत चाललेल्या गोळीचा आपण उत्सव करतो. कायदा दोन्हीकडे एकच आहे, कोठडी दोन्हीकडे कोठडीच आहे. फक्त कॅमेऱ्याची जागा बदलली. ज्याची करुणा आणि ज्याचा राग कॅमेऱ्याच्या जागेवर ठरतो, त्या प्रेक्षकाने आधी स्वतःलाच तपासायला हवे.

गुरुजी: चांगले बोललात, पण मग तुम्हीच म्हणता की चित्रपट माणसाला फसवतो. तेच तर मी म्हणतो!

ताई: फसवतो खरा, पण सगळेच चित्रपट सारखे फसवत नाहीत, आणि चांगला चित्रपट फसवणूक उघडीही करतो. 'दृश्यम'च पुन्हा बघा. त्यात लपवाछपवीपेक्षा खोल काहीतरी आहे. विजय साळगावकर साक्षीदारांना लाच देत नाही, धमकावत नाही. २ आणि ३ ऑक्टोबरला आपण पणजीत सत्संगाला गेलो होतो, असे तो हॉटेलवाल्याच्या, बसच्या कंडक्टरच्या, चित्रपटगृहातल्या माणसाच्या मनात बेमालूम रुजवतो. ती माणसे पोलिसांना प्रामाणिकपणे सांगतात आणि तरीही ती चुकीचे सांगतात. स्मृती म्हणजे जसेच्या तसे टिपलेले चित्र नव्हे, तिला बाहेरून आकार देता येतो, हे सत्य त्या चित्रपटाच्या गाभ्यात आहे. मानसशास्त्रानेही ते तपासले आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना मोटारअपघाताची चित्रफीत दाखवली आणि वेगाबद्दल विचारले. प्रश्नात गाड्या 'धडकल्या' ऐवजी 'एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या' अशा धाटणीचा जोरकस शब्द घातला की लोक वेग जास्त सांगत. आणि आठवड्याने त्यांच्यातल्या जास्त जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या, ज्या चित्रफितीत नव्हत्याच. 'दृश्यम' पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाला खरे तर एवढे कळायला हवे की डोळ्यांनी पाहिले म्हणणारा प्रामाणिक माणूसही चुकू शकतो. तो युक्तीवर खूश होतो आणि धडा मागेच राहतो. हा दोष चित्रपटाच्या कथेत नाही, आपल्या पाहण्यात आहे.

गुरुजी: हे सगळे शिकलेल्यांसाठी झाले. आपल्या गावापुरते बोला.

ताई: गावापुरतेच बोलते. मार्च २०२४ मध्ये मुरबाड तालुक्यातल्या केरवेळे गावात सत्तरी ओलांडलेल्या एका वृद्धाला करणी करतो या संशयावरून घरातून ओढून नेले आणि पेटत्या निखाऱ्यांवर नाचायला लावले. त्याचे पाय भाजले, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये आपल्या राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याला दहा वर्षे होऊन गेल्यावरची ही गोष्ट. त्या गर्दीला कशाची कमतरता होती? रागाची नाही, धैर्याची नाही. शंकेची कमतरता होती. 'याने करणी केली हे तुला कसे कळले?' एवढा प्रश्न विचारणारा कुणी उभा राहिला नाही, किंवा राहिला तर त्याचे चालले नाही.

गुरुजी: थांबा. इथे तुम्ही ओढाताण करता आहात. केरवेळ्यातल्या लोकांनी काही थरारपट पाहून ते केले नाही. भूतबाधा, करणी, भगत हे चित्रपटाच्या आधीपासूनचे आहे. मानवतच्या वेळी तुम्हीच म्हणालात की गुन्हा चित्रपटातून येत नाही. मग आता हा दोष त्याच्या माथी कसा?

ताई: तुमची हरकत मला मान्य आहे, आणि मी चित्रपटाला केरवेळ्याचे कारण म्हणत नाही. मी एवढेच म्हणते की गर्दीची ती खात्री आणि प्रेक्षकाची ही खात्री एकाच जातीच्या आहेत: पुराव्याच्या आधी निकाल. रोग जुना आहे. चित्रपट तो वाढवू शकतो किंवा त्यावर औषध होऊ शकतो. औषधाचे उदाहरण आपल्याच भाषेत आहे, आणि ते 'आक्रीत' लिहिणाऱ्या तेंडुलकरांचेच आहे. 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगभूमीवर आले १९६७ मध्ये. सत्यदेव दुबे यांनी त्याचा चित्रपट केला १९७१ मध्ये, सुलभा देशपांडे बेणारेबाईंच्या भूमिकेत. शहरातली हौशी नाटकमंडळी एका गावात प्रयोगासाठी येतात आणि वेळ घालवायला खोटा खटला मांडतात. आरोपी लीला बेणारे, पेशाने शिक्षिका, आरोप भ्रूणहत्येचा. बघता बघता खेळ खरा होतो. कुजबूज पुरावा होते. त्या गावातला सामंत नावाचा भोळा माणूस साक्षीदार म्हणून उभा केला जातो, तर तो हातातल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो, आणि ती साक्षही त्या बाईच्या विरोधात जाते! कल्पित गोष्ट कुणाचा तरी पुरावा कशी बनते, हे याहून स्पष्ट कुणी दाखवलेले मला माहीत नाही. या कलाकृतीत थरार आहे, मनाचा तळ आहे, गुन्ह्याचा आरोप आहे. पण शेवटी प्रेक्षक आरोपीकडे नाही, न्याय करायला बसलेल्यांकडे पाहू लागतो. आणि त्यांच्यात तो स्वतःला ओळखतो.

गुरुजी: एक प्रश्न उरतोच. या चित्रपटांतला खुनी नेहमी 'मनोरुग्ण' असतो. गावात एखादा पोरगा स्वतःशी बोलू लागला की लोक त्याला आता भूत लागले म्हणत नाहीत, 'सायको' म्हणतात. पूर्वी त्याला भगताकडे तरी न्यायचे. आता त्याची भीतीच वाटते. याला तुमच्याकडे काय उत्तर आहे?

ताई: याला उत्तर नाही, कबुली आहे. हा दोष या चित्रपटप्रकाराचा खराच आहे. अनेक खून करणाऱ्या रमण राघवची गोष्ट बघा. १९६८ मध्ये मुंबईत तो पकडला गेला, त्या तपासातही रमाकांत कुलकर्णी होते. त्याला फाशीची शिक्षा झाली, पुढे मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला गंभीर मानसिक आजार असल्याचे सांगितले आणि १९८७ मध्ये शिक्षा जन्मठेपेवर आली. त्याच्यावर श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये चित्रपट केला. अनुराग कश्यप यांचा २०१६चा 'रमन राघव २.०' सुरुवातीलाच सांगतो की हा त्याच्यावरचा चित्रपट नाही, आणि मग खुन्याला एका पोलीस अधिकाऱ्यासमोर आरशासारखा उभा करतो. तिथे विकृती फक्त आजाऱ्यात नसून गणवेशातही असू शकते, असा विचार आहे आणि तो मोलाचा आहे. पण अशा विचारी चित्रपटांमागे डझनावारी चित्रपट असे असतात जे आजार आणि क्रौर्य एकच मानतात. वास्तवात मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कुणालाही इजा करत नाहीत. उलट मार, हेटाळणी आणि फसवणूक त्यांच्याच वाट्याला अधिक येते. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१पासून आहे, उपचार आहेत. पण 'सायको' या शिक्क्याच्या भीतीने घरचे लोक आजारी माणसाला लपवून ठेवतात. आणि शिक्का फक्त आजाऱ्यावर नाही. १८७१च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांत पारधी होते. तो कायदा १९५२ मध्ये गेला; पण मानवतच्या कथेत पारधी नाव आले की आजचा प्रेक्षकही मान डोलावतो. आपल्याकडे चोरी झाली की पहिला संशय कातकरवाडीवर जातो, तो याच सवयीतून.

गुरुजी: म्हणजे आपण दोघे शेवटी फार दूर नाही. मी म्हणतो चित्रपट जपून दाखवा. तुम्ही म्हणता जपून पाहा.

इथे संवाद थांबवून मी माझा कौल देतो. गुरुजींचा पहिला आक्षेप, थरारपट गुन्हा शिकवतो, मला टिकणारा वाटत नाही. मात्र मुलांबद्दल ते म्हणतात ते ऐकायला हवे: २०२१च्या नियमांनी ऑनलाइन मंचांना ७, १३ आणि १६ वर्षांवरील अशी वयाची वर्गवारी बंधनकारक केली आहे, पण घरात ती पाहणारे कुणी नसेल तर ती कागदावरच राहते. मूल पाहत असेल तर शेजारी मोठे माणूस हवे, आणि नंतर बोलणेही हवे. मुख्य प्रश्नावर मी ताईंच्या बाजूचा आहे. गुन्ह्याच्या चित्रपटाची पारख एकाच गोष्टीने करावी: तो प्रेक्षकाला खात्री देऊन घरी पाठवतो की शंका देऊन. पहिला चित्रपट कितीही देखणा असला तरी गर्दीच्या हातात आणखी एक कोलीत देतो. दुसरा चित्रपट कितीही अस्वस्थ करणारा असला तरी माणसाला माणसाचा न्याय करायला लायक बनवतो.

मुरबाड आणि शहापूरच्या वाचनालयांनी, महाविद्यालयांनी, गणेशोत्सवाच्या मंडळांनी वर्षातून एकदा तरी असा एखादा चित्रपट एकत्र बसून दाखवावा आणि नंतर तासभर त्यावर बोलावे. चर्चेला तीन प्रश्न पुरतील. हे आपल्याला कुणी सांगितले? त्याला ते कसे कळले? आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू आपण ऐकली का? पडद्यावरच्या माणसाबद्दल हे प्रश्न विचारायची सवय लागली, तर उद्या आपल्याच गावात कुणाच्या घराकडे गर्दी निघाली असताना ते विचारायला तोंड उघडेल. अशा वेळी गर्दीत तोंड उघडणारा एक माणूस पुरतो. तो आपण व्हावे, एवढीच वाचकांना विनंती.